पोकेमॉन गो खेड्यात खेळावा का? इव्हॉल्व्ह अन् पॉवर-अपचा हिशोब

पोकेमॉन गो म्हणजे फोनवरचा गेम, खरोखर चालून-फिरून पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडाचे. आधी रेटिंग सांगून देतो, ५ पैकी ४. एक स्टार काऊन कापला ते खाली लिवलं हाये. या गेमचे जेवढे रिव्ह्यू वाचतो ते सगळे पुण्या-मुंबईवाल्यायचे, ज्यायच्या बिल्डिंगखालीच चार-चार पोकेस्टॉप (गेमचं सामान भेटायच्या जागा) असतात, अन् आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात स्टॉप एकच, मारुतीच्या देवळाचा, अन् फाट्यावर एक जिम (पोकेमॉन लढवायची जागा), बस झालं. गेम भारतात डिसेंबर २०१६ मध्ये जिओसोबत आला तेव्हापासून खेड्यातले पोरं हेच विचारतात का भाऊ आपल्याकडं हे जमते का. जमते ना. पोकेमॉन पकडायले शहर बरं हे मान्य, पण पकडलेला पोकेमॉन मोठा कराचा असन तं खेड्यातला माणूस कुठंच कमी पडत नाई, कारण या गेमात वाढ बरीचशी पायानं होते.

जुन्या गेमबॉयवाल्या पोकेमॉनमध्ये, १९९६ पासून, हिशोब सरळ होता. लढाई जिंकली का एक्सपी म्हणजे अनुभवाचे पॉइंट, एक्सपीनं लेव्हल, अन् लेव्हल १६ झाली का चारमँडरचा चारमेलियन, म्हणजे पुढचं मोठं रूप, यालेच इव्हॉल्व्ह म्हणतात. गोमध्ये तसं नाई. इथं लढून पोकेमॉन वाढत नाई, त्याच्याच जातीची कँडी लागते. एक पकडला का ३ कँडी, नको असन तं प्रोफेसरकडं ट्रान्सफर केला का अजून १. कॅटरपी नावाची हिरवी अळी हाये तिला १२ कँडीत मेटापॉड करता येते म्हणजे कोष, अन् वरून ५० टाकल्या का बटरफ्री, फुलपाखरू. आमच्या बाबानं एकदा स्क्रीनवर ते पाह्यलं अन् म्हणे, "आमी बोंडअळीवर फवारण्या करू करू थकलो अन् तू अळ्या जमा करून राह्यला काय बे?" मी सांगतलं का बाबा, मूळ पोकेमॉन गेम ज्यानं बनवला त्या सातोशी ताजिरीले लहानपणी किडे पकडायचा नाद होता, तिथूनच ही कल्पना निघाली. तं म्हणे, "मंग त्याले आपल्या कपाशीत आणा लागत होतं."

आता खरा मुद्दा मॅजिकार्प. नुसती उड्या मारणारी लाल मासोळी, कोणाशी लढायच्या कामाची नाई, अन् ग्याराडोस करायले ४०० कँडी! जुन्या गेमात लेव्हल २० ले होऊन जात होता, इथं ४००. पकडताना पायनॅप बेरी चारली तं ३ च्या ६ होतात, ट्रान्सफरची १ धरून ७, म्हणजे नुसतं पकडून कराचं म्हटलं तं ५८ मॅजिकार्प पाह्यजेत. पण बडी करून सोबत चालवला तं दर किलोमीटरले १ कँडी भेटते, अन् इथं आपला नंबर लागते भाऊ. २०१८ मध्ये अ‍ॅडव्हेंचर सिंक आलं तेव्हापासून अ‍ॅप बंद असलं तरी चाललेलं मोजते, फोन फक्त खिशात पाह्यजे. घरून वावरात, वावरातून विहिरीवर, मंग धुऱ्या-धुऱ्यानं पूर्ण चक्कर, संध्याकाळी घरी येऊन अ‍ॅप उघडलं का मॅजिकार्पच्या कँड्या जमा झालेल्या. शहरातल्या माणसाले यासाठी मुद्दाम वॉकले जा लागते, आपलं कामातच होऊन जाते. गाडीवर फिरून मात्र काही भेटत नाई, साधारण ताशी १० किमीच्या वर वेग गेला का अंतर धरत नाई. बंडीवर बसून अ‍ॅप उघडं ठेवलं तं बरोबर मोजते, बैलाची चाल गेमले चालते. आठवड्याले ५० किमी झाले का बक्षीसही भेटते, पेरणी-सोंगणीच्या दिवसात ते सहज होतात. अन् पावसात पाण्याचे पोकेमॉन जास्त निघतात, वरून ते वेदर बूस्टेड असतात म्हणजे जंगलीच लेव्हल ३५ पर्यंत भेटू शकतात, एरवी ३० च्या वर नाई. म्हणून मॅजिकार्पचा सिझन आपल्याकडं मिरगापासूनच धरा.

ईव्हीचं तं मले सगळ्यात जास्त आवडते. २५ कँडीत इव्हॉल्व्ह होते पण काय होईन ते तुमच्या हातात हाये. बडी करून १० किमी चालवा, बडी असतानाच दिवसा इव्हॉल्व्ह केलं तं एस्पीऑन, रात्री केलं तं अम्ब्रीऑन. आता शेतीची लाईन रात्रीची असते हे विदर्भातल्या माणसाले सांगा लागत नाई. हरभऱ्याले पाणी द्यायले रात्री वावरात बसलो होतो, मोटर चालू, एका हातात बॅटरी, अन् तिथंच बटन दाबलं. काळं अंग, त्याच्यावर पिवळे कडे चमकणारं अम्ब्रीऑन स्क्रीनवर आलं तेव्हा खरंच लय भारी वाटलं, बाजूच्या वावरातल्या काकाले पण दाखोलं. नावाची ट्रिक पण हाये, ईव्हीचं नाव तामाओ ठेवलं तं अम्ब्रीऑन अन् साकुरा ठेवलं तं एस्पीऑन, पण एका अकाउंटवर एक-एकदाच चालते अन् स्पेलिंग इंग्रजीत बरोबर पाह्यजे. चालून केलेल्याची मजा त्याच्यात नाई.

आता पॉवर-अपबद्दल थोडक्यात, म्हणजे कँडी अन् स्टारडस्ट खर्चून पोकेमॉनची लेव्हल वाढवणं. इव्हॉल्व्ह केल्यानं सीपी (लढाईची ताकद) वाढते पण पोकेमॉनची लेव्हल अन् आयव्ही तेच राह्यतात. आयव्ही म्हणजे पोकेमॉनचे जन्मजात गुण, अटॅक, डिफेन्स, एचपी (जीव), तिन्हीले ० ते १५. म्हणून अप्रेझ करून (हे गुण तपासून) पाहा अन् मंगच कँडी खर्च करा. खरी महाग गोष्ट स्टारडस्ट हाये, लेव्हल १ पासून ४० पर्यंत न्यायले २,७०,००० लागते, अन् ४० ते ५० मध्ये अजून २,५०,००० अन् वरून २९६ एक्सएल कँडी (वरच्या लेव्हलसाठीची वेगळी कँडी). त्याच्यामुळं खेड्यातल्यानं सगळ्यायच्या मागं लागू नये, एक-दोन धरा. ग्रेट लीग (दुसऱ्या खेळाडूंशी लढाई) खेळाची असन तं १५०० सीपीची मर्यादा हाये, तिथं बहुतेक वेळा कमी अटॅकवालाच बरा पडते, म्हणजे जो शहरवाला फेकून देते तो आपल्या कामाचा.

आता एक स्टार काऊन कापला. हॉन्टरचा गेंगार कराले १०० कँडी लागतात, पण कोणाशी ट्रेड म्हणजे अदलाबदल केला तं समोरच्याले शून्य कँडीत होते. मॅचोक, कडाब्रा, ग्रॅव्हलर यायचं पण तसंच. अन् ट्रेडले सहसा दुसरा खेळणारा १०० मीटरच्या आत पाह्यजे. आमच्या गावात १०० मीटरच्या आत बकऱ्या भेटतीन, ट्रेनर नाई. ५ स्टार रेडले (जिमवर आलेल्या तगड्या पोकेमॉनशी मिळून लढाई) चार-पाच जण लागतात, मेगा इव्होल्यूशनची (थोड्या वेळापुरतं जास्त ताकदीचं रूप) पहिली एनर्जी बहुतेक रेडमधूनच येते, म्हणजे तेही अडकलं. जिमचं तं उलटंच हाये, पोकेमॉन बसवला का तो बसूनच राह्यते, कारण हाकलायले कोणी नाई, अन् कॉईन (गेममधले पैसे) तं तो हाकलला गेल्यावरच भेटतात, तेही दिवसाले जास्तीत जास्त ५०. जितकं चालाचं तितकं आमी चालतो, पण गर्दी कुठून आणाची? जिथं माणसं कमी तिथं ट्रेडचं अंतर वाढवलं तं काय बिघडते, असं मले मनापासून वाटते.

पोकेमॉन पकडायच्या बॉलची अडचण येते, त्याच्यासाठी डेली अ‍ॅडव्हेंचर इन्सेन्स रोज लावा, १५ मिनिटं चालताना पोकेमॉन येत राह्यतात अन् बॉल फार कमी असले तं ३० देऊन पण टाकते. दूरचे फ्रेंड जोडा, त्यायच्या गिफ्टमधून बॉल येतात. पैसे टाकायची गरज नाई. मे महिन्यात दुपारी फोन तापून बंद पडते, तेव्हा सकाळीच आटपा.

दारव्हा, दिग्रस, नेर साईडचं कोणी खेळत असन तं खाली लिवा, बाजारच्या दिवशी भेटून ट्रेड करू. माझ्याकडं दोन हॉन्टर हायेत, मले मॅचोक पाह्यजे.