घडीचा होइस्ट घ्यायचाय, पण कुठला? तिकाटणं, शॉप क्रेन की गॅन्ट्री

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. महिन्याकाठी एखादा तरी माणूस होइस्ट, म्हणजे वजन उचलायचं साधन, मागायला येतो आणि चहा यायच्या आधीच म्हणतो, "दोन टनाचं घडी होणारं काहीतरी करून द्या की, छोटा हत्ती टेम्पोत बसलं पाहिजे." मी विचारतो, उचलून ठेवणार कुठं? मग समोरचा गप्प. टनाचा विचार सगळे करून येतात, जागेचा कुणी करून येत नाही.

खरं तर सरळ वर उचलणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. चेन ब्लॉक म्हणजे हातानं साखळी ओढून वजन उचलायची कप्पी; एक टनाचा दहा-बारा किलोचा असतो, एका हातात धरून नेता येतो. आत गिअर असतात, लोड ब्रेक असतो; साखळी हातातून सोडली तरी वजन जिथल्या तिथं लटकून राहतं. ते बनवण्याच्या भानगडीत पडू नका, आयएस 3832 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला विकत घ्या. डोकं लावायचं ते दोन गोष्टींत: हा ब्लॉक टांगायचा कशाला, आणि वजन हवेत आल्यावर दोन हात बाजूला सरकवायचं कसं. तिकाटणं, शॉप क्रेन आणि गॅन्ट्री यांच्यात खरा फरक पडतो तो या दुसऱ्या गोष्टीत.

तिकाटणं: स्वस्त, हलकं आणि हट्टी

तीन पाईप, वर एक डोकं, डोक्याला ब्लॉक. आमच्याकडं हिशेब किलोवर असतो, म्हणून किलोतच सांगतो. दोन इंची बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, पाईप मीटरला साधारण पाच किलो. तीन मीटरचे तीन पाय म्हणजे पंचेचाळीस किलो, वर डोकं आणि पिना. दीड इंची पाईप घेतला तर पाय बत्तीस किलोंत होतात. अर्ध्या टनाच्या कामाला दीड इंचीसुद्धा ताकदीला कमी पडत नाही. पाय उभ्या रेषेपासून 30 अंश फाकवले तर अर्ध्या टनाला प्रत्येक पायावर सुमारे 190 किलोचा दाब येतो, आणि एवढ्यावर तो पाईप वाकत नाही.

मग तिकाटणं पडतं कशानं? पाय घसरून. त्याच अर्ध्या टनाला, त्याच 30 अंशाला, प्रत्येक पाय 96 किलोंच्या जोरानं बाहेर सरकू बघतो. कुणी "अजून जरा फाकवा, पक्कं बसेल" म्हणून 45 अंशांवर नेलं, तर हाच जोर 167 किलो होतो आणि उंचीही 2.6 मीटरवरून 2.1 वर येते. जास्त फाकवणं म्हणजे जास्त पक्कं, हा समज डोक्यातून काढा. तिन्ही पायांना खाली साखळीनं एकमेकांशी बांधणं हे तिकाटण्याचं अर्धं काम आहे. गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदा नेमकी तीच साखळी हरवतं.

आता माझीच फजिती. खानापूर बाजूला एका घराच्या परड्यातल्या आडाचा गाळ काढायचा होता, एप्रिल अखेरची गोष्ट. तिकाटणं माझ्या हातचं. 200 लिटरचा ड्रम अर्धा कापून बादली केलेली. गाळानं भरली की बादली धरून पावणेदोनशे किलो. आडाचं तोंड सहा फुटी, त्यावर तिकाटणं नीट बसलं. पहिले पंधरा-वीस ड्रम मजेत निघाले. पण ड्रम वर आला की तो आडाच्या बरोबर मधोमध लटकणार, आणि ओतायचा तर काठावर. मग दोघांनी हातानं काठाकडं ओढायचं, तिसऱ्यानं साखळी सोडायची. प्रत्येक ड्रममधलं पाणी त्याच बाजूला गळत होतं, त्याच पायाखालची तांबडी माती भिजत होती. आमचा हेल्पर घरी कन्नड बोलणारा. वजन सोडताना तो नेहमी "निधान, निधान", म्हणजे सावकाश, म्हणतो. त्या दिवशी तो म्हणता म्हणता एकदम थांबला आणि पायाकडं बोट केलं. पायाची पट्टी मातीत चार बोटं गेली होती, आणि आमच्या देखत पाचवं बोट जात होतं. पाईप सरळ, वेल्ड शाबूत, आणि तिकाटणं निवांत कलत चाललेलं. साखळी उलटी ओढून ड्रम परत खाली सोडला. मग पायाखाली लाकडाची फळी घातली. ती आधीच घालायची होती.

त्या दिवशी घरी येऊन कागदावर मांडलं. तीन मीटरचे पाय 30 अंशांत उभे केले की पाय मध्यापासून दीड मीटरवर येतात. ओढ एखाद्या पायाच्या दिशेनं असेल तर दीड मीटरपर्यंत आधार आहे, पण दोन पायांच्या मधून ओढलं तर आधाराची रेषा पाऊण मीटरवरच संपते. आणि माणूस वजन नेहमी दोन पायांच्या मधूनच ओढतो, कारण वाट तिथंच मोकळी असते. आम्ही पायाकडं ओढत होतो म्हणून उलथलो नाही, नुसते रुतलो. म्हणून तिकाटण्याला हट्टी म्हणतो: मधोमध वर-खाली करा, बैलासारखं राबेल. बाजूला न्या म्हटलं की अडून बसतं.

यातूनच दोन गोष्टी निघतात. शेतातली वीस-पंचवीस फुटी तोंडाची विहीर असेल तर तिकाटण्याचा विचार सोडा, ते तिच्यावर बसतच नाही. काठावर उभं करून विहिरीच्या पोटात वजन सोडाल तर वजन तिन्ही पायांच्या बाहेर जातं. आणि बोअरची मोटर काढायला हवं असेल तर पाईपची लांबी बघा. सव्वा इंची जीआय पाईप मीटरला तीन किलो, आतलं पाणी आणखी एक किलो. 300 फूट म्हणजे 91 मीटर, म्हणजे मोटर सोडून साडेतीनशेच्या वर. वजनाला तिकाटणं पुरतं, पण 20 फुटी पाईप तीन मीटरच्या डोक्याखाली मावणार कसा? त्याला उंच घोडाच, म्हणजे उभा सांगाडाच, लागतो, आणि तो काही छोटा हत्तीत घडी होऊन बसत नाही.

एक चूक मात्र सगळीकडं दिसते. ब्लॉक महाग म्हणून साधी कप्पी लावतात आणि दोर खाली आणून माणसांनी किंवा ट्रॅक्टरनं ओढतात. 300 किलोचं वजन असेल तर पलीकडून ओढही 300 ची लागते, म्हणजे कप्पीच्या हुकावर 600. वर ट्रॅक्टर लांबून ओढत असेल तर तिकाटणं त्याच्याकडं कलतं ते वेगळंच.

शॉप क्रेन: फरशी असेल तरच

गॅरेजवाल्यांची लाडकी, चाकांची, हायड्रॉलिक जॅकची. हिला बाजूला न्यायला येतं, कारण ती अख्खीच चालते. पण "दोन टन" हा तिचा आकडा नीट वाचा. बूमला, म्हणजे हुक लावलेल्या पुढच्या लांब हाताला, चार भोकं असतात आणि बहुतेक दोन टनी क्रेनवर लिहिलेलं असतं: 2000, 1500, 1000, 500. बूम पूर्ण बाहेर काढली की दोन टनाची क्रेन अर्ध्या टनाची होते. जॅक खांबाजवळ ढकलतो, हुक लांब असतो. म्हणून दोन टनी क्रेनच्या खाली सहसा आठ टनी जॅक बसवलेला असतो.

ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरी इंजिन अडीच-तीनशे किलोंच्या घरात. म्हणजे अर्ध्या टनात भागतं, असं वाटतं. पण पुढचा एक्सल आणि चाकं क्रेनच्या पायांना आत येऊ देत नाहीत, म्हणून बूम आणखी लांबवायचा मोह होतो आणि कुणीतरी "इथं एक भोक मारून द्या की" म्हणत माझ्याकडं येतं. मी मारून देत नाही. भोक लांब गेलं की पुढच्या चाकांच्या पलीकडं वजन जातं, आणि मागची चाकं उचलायला लागतात.

आणखी एक खोड: हुक सरळ वर जात नाही, कमानीत जातो. इंजिन माउंटिंगमधून सुटताना ते पुढं-मागं सरकतं, म्हणून जॅक मारताना दुसऱ्यानं क्रेन बोटभर ढकलत राहायचं असतं. सपाट काँक्रीटवर हे सहज होतं. शेडमध्ये लेथचा बुरादा पडलेला असेल तर एक वळलेली कातरण चाकाखाली आली की क्रेन थांबते आणि इंजिन मात्र पुढं झुलत जातं. अंगणात, पेव्हरवर, निपाणी-चिकोडी बाजूच्या काळ्या मातीत तर हिचं नावच नको. पावसाळ्यात ती माती माणसाच्या चपला सोडत नाही, चार इंची चाक काय सोडणार.

घडी म्हणाल तर झकास: पाय वर दुमडले की दोन फूट जागेत कोपऱ्यात उभी. पण घडी होणं वेगळं आणि नेता येणं वेगळं. ती 80 ते 100 किलोंची एकसंध वस्तू आहे. टेम्पोत चढवायला तीन माणसं लागतात, आणि मग कुणीतरी चेष्टेनं म्हणतंच की हिला चढवायला एक होइस्ट घ्या.

गॅन्ट्री: माझं मत हिच्याकडं झुकतं

दोन बाजूला दोन घोडे, वर आडवा गर्डर, गर्डरवर ट्रॉली. वजन उचला, ट्रॉली सरकवा, टेम्पो मागं घ्या, वजन खाली. "उचलून ठेवणार कुठं?" या सुरुवातीच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी ही एकटीच.

एक टनाला, तीन मीटरच्या अंतराला आयएसएमबी 125, म्हणजे 125 मिलिमीटर उंचीचा आय आकाराचा गर्डर पुरतो. टन बरोबर मध्यावर आला तर तो सहा मिलिमीटर लवतो, डोळ्याला दिसतही नाही. हेच अंतर चार मीटर केलं तर लवणं साडेचौदा मिलिमीटरवर जातं. ट्रॉली मग आपोआप मध्याकडं घरंगळू बघते. म्हणून "जरा लांब करा, कधीतरी उपयोगी येईल" याला मी नाही म्हणतो. तीन मीटरचा गर्डर चाळीस किलोंचा, घोडे प्रत्येकी तीस-पस्तीसचे. एकूण वजन क्रेनपेक्षा जास्त भरतं, पण सगळ्यात जड तुकडा चाळीस किलो, दोघांनी उचलण्यासारखा. नेता येण्याच्या हिशेबात मला हीच खरी घडीची वाटते.

उंची ठरवताना बेरीज करा: टेम्पोचा हौदा, यंत्राची उंची, पट्टा, आणि ब्लॉक पूर्ण गुंडाळल्यावरची त्याची लांबी. हौदा 70 सेंमी, यंत्र 120, पट्टा 40, ब्लॉक 40 धरला की 270 झाले, वर फूटभर मोकळं. म्हणजे गर्डर तीन मीटरवर. लोक हौदा आणि यंत्र मोजून येतात, ब्लॉकची लांबी विसरतात, आणि मग लेथ हौद्यापासून वीतभर खाली अडकून राहतो.

तिची कमजोरी एकच, पण मोठी. गर्डरच्या दिशेनं ढकललं तर ती काडेपेटीच्या रिकाम्या सालासारखी चपटी व्हायला बघते. घोडा आणि गर्डर यांच्या कोपऱ्यात तिरपी पट्टी हवीच, आणि घडीसाठी सुटी केलेली असली तरी ती लावायला विसरता येऊ नये अशी. मी ती पट्टी लावल्याशिवाय गर्डरची मुख्य पिन आत जाणारच नाही असं बनवतो. चाकं घ्या, पण ती रिकामी गॅन्ट्री हलवायला. वजन लटकत असताना ढकलत नेऊ नका.

घडीची भोकं

तिन्हींत मोडतं ते सांध्यावर. 16 मिलिमीटरची पिन दोन्ही बाजूंनी धरलेली असेल तर एक टनाला डोळे झाकून पुरते. पण पिन हरवते, आणि मग जागेवर जे सापडेल ते, दहा मिलिमीटरची सळी, स्क्रू ड्रायव्हर, काहीही घुसवतात. म्हणून पिन साखळीनं अंगालाच बांधलेली मागा. वर्षभरानं भोकं बघा. गोल भोक लांबट दिसायला लागलं की तिथं जाड वॉशर वेल्ड करून घ्या.

नवीन काहीही घेतलं की सव्वापट वजन लावून वीतभर उंचीवर दहा मिनिटं टांगून ठेवा. इथं वजनाला तोटा नाही, शेजारच्या फाउंड्रीतले नापास ओतीव तुकडे काट्यावर मोजून आणता येतात. आणि किती किलोंचं आहे ते रंगानं अंगावरच लिहा. 1948 च्या कारखाना कायद्यानं कलम 29 मध्ये हेच घालून दिलं होतं: क्षमता स्पष्ट लिहिलेली आणि बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासणी. शेतातल्या आडावर कोण तपासायला येतंय, हे खरं. पण आडात खाली उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर तेच लटकत असतं. त्याच ब्लॉकवर माणूस खाली सोडायचा, हे तर कधीच नाही.

विजेचा छोटा होइस्ट बरेच जण विचारतात. एकेरी दोराला 200 किलो आणि कप्पी लावून दुहेरी केला की 400, असले मिळतात. रोज चाळीस वेळा गोण्या चढवायच्या असतील तर घ्या, गॅन्ट्रीला तो लागतोही. महिन्यातून दोनदा मोटर काढायची तर हाताची साखळी बरी, लाईट गेली तरी ती थांबत नाही.

मागच्याच आठवड्यात एक काका आले होते, पंप दुरुस्तीवाले, तेही "दोन टन" म्हणतच. बोलता बोलता कळलं की त्यांचं सगळ्यात जड वजन मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला, शंभर किलोंच्या आसपास, आणि दहातली आठ कामं घराच्या आडांवर. त्यांना दीड इंची पाईपचं तिकाटणं दिलं, अर्ध्या टनाचा ब्लॉक, पायांखालच्या तीन फळ्या तारेनं पायांनाच बांधून. दोन टनांचं राहिलंच म्हणून थोडे नाराज होते. गॅन्ट्री हवी असेल तर येताना टेम्पोच्या हौद्याचं माप, यंत्राचं वजन आणि ते जिथं ठेवायचं त्या जागेचा मोबाईलवर एक फोटो आणा, जमीन दिसेल असा.