मिकावा मिरीन: त्सुकुनेवरची ती लकाकी

गेल्या दीड वर्षात माझ्या स्वयंपाकघरात एकाच वस्तूच्या चार बाटल्या संपल्या. जपानच्या आइची प्रांतातल्या हेकिनान गावात सुमिया बुनजिरो शोतेन ही १९१० सालापासूनची पेढी आहे, तिची ‘सानशू मिकावा मिरीन’. मिरीन म्हणजे स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू. ७०० मिलिलिटरच्या बाटलीला हजार येनच्या वर मोजावे लागतात. इथे टोकियोत, निशी-कासाईत, आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात ‘मिरीनसारखं’ म्हणून जे लिटरभर मिळतं, त्याच्या हे तिप्पट-चौपट झालं. तरी मी तीच आणते, आणि त्याला कारण आहेत त्सुकुने.

त्सुकुने म्हणजे कोंबडीच्या खिम्याचे गोळे, सोया सॉस आणि मिरीनच्या आटवलेल्या रसात घोळवलेले. ‘त्सुकुनेरु’ म्हणजे हाताने मळून आकार देणं. आपण लाडू वळतो, तसंच. तेच मिश्रण चिमटीने तोडून उकळत्या रश्श्यात सोडलं की त्याला म्हणायचं ‘त्सुमिरे’. मी त्सुकुने पहिल्यांदा खाल्ले ते युराकुचोला, रेल्वेच्या कमानींखालच्या एका याकितोरीच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या कोंबडीच्या, दुकानात. डोक्यावरून गाडी गेली की टेबलावरचे पेले थरथरायचे. काडीवर तीन गोळे, शेजारी वाटीत कच्च्या अंड्याचा पिवळा बलक. मला चवीच्या आधी आठवते ती त्यांच्यावरची झळाळी. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. सावंतवाडीच्या लाकडी फळांवर लाखेचा जो हात फिरलेला असतो, तो पाहत मी मोठी झाले. अगदी तसेच ते गोळे चमकत होते. जपानीत या चमकीला ‘तेरी’ म्हणतात. तेरियाकीतलं ‘तेरी’ ते हेच.

घरी करून पाहिले तेव्हा चव बऱ्यापैकी जमली, पण चमक काही येईना. कढईत असेपर्यंत रस बरा दिसायचा. ताटात वाढून पाच मिनिटं झाली की गोळ्यांवर मळकट, चिकट साय धरायची. मी साखर वाढवली, तर तळाला करपली. आच वाढवली, तर गोळे बाहेरून काळे आणि आतून कोरडे. शेवटी आमच्या मजल्यावरच्या एका जपानी आजींना विचारलं. त्यांनी कृती ऐकूनच घेतली नाही. आधी बाटली आणून दाखव म्हणाल्या. मी नेली. त्यांनी मागचं लेबल वाचलं आणि बोटाने एक शब्द दाखवला: ‘फू’. मिरीन-फू. म्हणजे मिरीनच्या धर्तीवर केलेलं, मिरीन नव्हे.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण बाहेरून सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात. फडताळात तीन तऱ्हा असतात. पहिली ‘होन-मिरीन’, म्हणजे खरी मिरीन. चिकट तांदूळ वाफवून त्यात कोजी, म्हणजे बुरशी चढवलेला तांदूळ, आणि शोचू ही दारू घालून ते मुरवतात. कोजीतली पाचकद्रव्यं तांदळातल्या पिठाची साखर करतात. शोचूमुळे यीस्टला वाव मिळत नाही, त्यामुळे ती साखर तशीच राहते, तिची पुन्हा दारू होत नाही. मद्यार्क साधारण १४ टक्के, म्हणून ही कायद्याने दारूच. गल्ल्यावर वय विचारणारं बटण येतं. दुसरी तऱ्हा ‘मिरीन-फू’: ग्लुकोजचा पाक, चवीची द्रव्यं, थोडा आंबटपणा, मद्यार्क एक टक्क्याहूनही कमी. तिसऱ्या तऱ्हेत मद्यार्क असतो, पण ते पिता येऊ नये आणि दारूचा कर लागू नये म्हणून मीठ घातलेलं असतं. ही तिसरी वापरत असाल तर सोया सॉस कमी घाला, नाहीतर सगळं खारट होऊन बसतं.

खऱ्या मिरीनमध्येही प्रकार आहेत. मोठ्या कारखान्यांतली दोन-तीन महिन्यांत तयार होते आणि तिच्यात बाहेरून साखरेचा पाक घालण्याची मुभा असते. या मिकावा मिरीनच्या लेबलवर घटक तीनच: चिकट तांदूळ, कोजी आणि त्या पेढीची स्वतःची शोचू. मुरायला वर्षाहून जास्त. बाटली उघडली की वास येतो तो वाफाळत्या आंबेमोहराच्या जवळचा, त्यात किंचित सुक्या मेव्याचा. रंग मधासारखा. मी चमचाभर नुसतीच चाखली. गोड आहे, पण साखर जिभेवर जशी एकदम टोचते तशी नाही, हळूहळू पसरते. पूर्वी इथे मिरीन गोड दारू म्हणून पीत असत, आणि नवीन वर्षाच्या सकाळी औषधी मसाले भिजवलेली ‘तोसो’ आजही तिच्यात करतात. मिरीन-फूचा चमचा मी कधीही तोंडात घेणार नाही.

आता गोळे. ही आजींकडून घेतलेली आणि दीड वर्ष माझ्या हाताखालून गेलेली रीत आहे.

४०० ग्रॅम खिमा, कोंबडीच्या मांडीचा. छातीचा नुसता घेतलात तर गोळे कोरडे होतील. त्यात आधी फक्त ४ ग्रॅम मीठ घालायचं, दुसरं काहीच नाही, आणि हात थंड ठेवून एका दिशेने मळत राहायचं. तीन-चार मिनिटांत खिमा फिकट होतो, बोटांना तारा सुटू लागतात. मिठाने मांसातली प्रथिनं सुटी होऊन एकमेकांना धरतात, तेच या गोळ्याचं बांधकाम. मी सुरुवातीला आपल्या कोफ्त्यांच्या सवयीने कांदा, आलं, अंडं सगळं एकदम घालत होते आणि गोळे कढईत उकलत होते. बांधणी आधी, बाकीचं नंतर. मग अर्धी नेगी, म्हणजे इथली लांब पांढरी कांद्याची पात, अगदी बारीक चिरून. चमचाभर किसलेलं आलं. एका अंड्याचा पांढरा भाग. एक मोठा चमचा काताकुरिको, म्हणजे बटाट्याचं सत्त्व. बलक वाटीत बाजूला ठेवायचा. मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये. दुकानात यात कोंबडीची कुरकुरीत कूर्चाही बारीक करून घालतात. मी घालत नाही, माझ्या मुलाला ती दाताखाली आलेली आवडत नाही. तिच्याऐवजी कमळकाकडीचे बारीक तुकडे घालते.

हाताला तेल लावून बारा गोळे वळायचे, जरासे चपटे. मध्यम आचेवर तीन मिनिटं एक बाजू, उलटून दोन चमचे पाणी मारून चार मिनिटं झाकण. गोळा मध्यभागी ७५ अंशांना किमान एक मिनिट राहायला हवा, हा कोंबडीबाबतचा इथला सर्वमान्य नियम. माझ्याकडे सुईचा तापमापक आहे आणि मी तो दर वेळी टोचते. कच्ची कोंबडी हा थट्टेचा विषय नाही.

यानंतर एक काम विसरू नका. कढईत सुटलेली चरबी कागदाने पूर्ण टिपून घ्या. चरबीवर रस बसत नाही, सरकतो. मग तारे, म्हणजे रस ओतायचा: तीन मोठे चमचे सोया सॉस, चार चमचे मिरीन, दोन चमचे साके, म्हणजे तांदळाची दारू. मिरीन-फूच्या काळात मला यात दोन चमचे साखर लागायची. ही मिरीन वापरायला लागल्यापासून मी साखर घालतच नाही. आधी बारीक फेस येतो, तेव्हा नाकाला मद्यार्काची झिणझिण लागते. तो उडून जाताना कोंबडीचा वासही सोबत नेतो. हळूहळू बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, एक फुटायला वेळ घेतो. त्या घटकेला आच मंद करून गोळे रसात सारखे फिरवायचे. व्हिडिओ कॉलवर आईला हे दाखवत होते, तर ती म्हणाली, “गो, हो तर लाडवांचो पाकच!” खरंच आहे. ज्याला पाकाची तार ओळखता येते, त्याला त्सुकुने अवघड नाहीत. फक्त एक तार यायच्या जरा आधीच थांबायचं, कारण रस उतरल्यावरही आळतो.

लकाकीचं गुपित बहुतेक करून त्या मुरण्यात आहे. नुसत्या साखरेच्या पाकात एकाच जातीची साखर असते. निवला की तो दाणे धरू पाहतो. मिरीनमध्ये ग्लुकोजबरोबर लांबट साखळ्यांच्या साखरा असतात, त्या एकमेकींना दाणा धरू देत नाहीत आणि काचेसारखा पातळ थर बसतो. तांदळातल्या प्रथिनांपासून आलेली अमिनो आम्लंही तिच्यात असतात, ती साखरेबरोबर तापली की भाजका रंग आणि वास येतो. हे सगळं समोर दिसतं. मी एकाच दिवशी दोन कढयांत, दोन बाटल्या वापरून करून पाहिलं. तासाभराने एका ताटातले गोळे मळकट होते, दुसऱ्यातल्यांवर खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं.

माझ्या लेखी खरी परीक्षा डब्याची आहे. मुलगा बालवाडीत जातो, बुधवारी घरचा डबा न्यावा लागतो. सकाळी सातला केलेले गोळे तो दुपारी बाराला गारच खातो. तेव्हाही ते मऊ असतात, भाताला चिकटत नाहीत, आणि चमकत असतात. त्याने शिक्षिकेला ‘पिका-पिका’, म्हणजे चकचकीत, म्हणून दाखवले. लहान मुलाला देताना मी मिरीन आणि साके आधी वेगळ्या भांड्यात खळखळून उकळून घेते. इथे त्याला ‘निकिरी’ म्हणतात. मद्यार्क बराचसा उडतो. जे घरात मद्याचा थेंबही आणत नाहीत, त्यांनी मात्र ही बाटली घेऊ नये. त्यांना मिरीन-फू बरी, थोडा मध घालून. आमच्या इमारतीतल्या शाकाहारी मैत्रिणीसाठी मी घट्ट तोफू फडक्यात पिळून, किसलेल्या कमळकाकडीत मळून गोळे करते. रस तोच, त्यात काही सामिष नाही. तिला ते फार आवडतात.

ही बाटली प्रत्येक कामाची आहे असं मी म्हणणार नाही. तिचा रंग आणि चव दोन्ही भरदार. तामागोयाकीत, म्हणजे गुंडाळलेल्या ऑम्लेटात, किंवा पांढऱ्या माशाच्या शिजवणीत मी कारखान्यातली साधी होन-मिरीन वापरते, तिथे तीच शोभते. मिकावा मिरीन राखायची ती तेरीसाठी. आणि ती फ्रीजमध्ये ठेवू नका. साखर इतकी असते की थंडीने तळाला दाणे बसतात. ओट्याखालच्या अंधाऱ्या कपाटात ती छान राहते. मिरीन-फूचं बरोबर उलटं, उघडली की तिला फ्रीजच हवा.

भारतात राहणाऱ्यांनी काय करावं, हे मला दर सुट्टीत विचारतात. इथून कुणी येत असेल तर सामानात मागवा. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला जी दोन लिटर दारूची सवलत आहे, तीत ती धरली जाते. नाहीतर मी मे महिन्यात वेंगुर्ल्याला काकवी घालून केले: तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे काकवी, तीन चमचे पाणी. चमक सुरेख आली. चव मात्र गुळाकडे झुकली आणि कोंबडी मागे पडली. काकवी एक चमचा करून बाकी साखर घातली, तेव्हा तोल जमला. त्याला मी त्सुकुने म्हणणार नाही, पण घरच्यांनी पुन्हा मागून घेतले.

वरून भुरभुरायला इथे शिचिमी असते, सात जिनसांची पूड. टोकियोतल्या आसाकुसाच्या यागेनबोरी या दुकानाची, १६२५ पासूनची, ती मला सगळ्यांत आवडते. समोर उभं राहून तिखट कमी-जास्त सांगता येतं. तिच्यात लाल मिरची, तीळ, खसखस, संत्र्याच्या जातीची सुकी साल, भांगेचं बी असं असतं, आणि सानशो. त्या सानशोने जीभ किंचित बधिरली आणि मला एकदम आईचं बांगड्याचं तिरफळ आठवलं. नुसता भास नव्हता, दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत. तेव्हापासून येताना आईकडून सुकी तिरफळं आणते. बी काढून टाकते, साल कोरडी भाजून खलबत्त्यात कुटते आणि त्सुकुनेवर घालते. सानशोला लिंबाचा हलका वास आहे, तिरफळ त्याहून उग्र आणि लाकडाच्या वासाचं. बारा गोळ्यांना दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच पुरतं.