टॅलिलिन रेल्वे: एका बॉयलरवाल्याचा अभिप्राय

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा माझ्या गुडघ्यांनी कापला, डबे खरंच चिंचोळे आहेत. रूळच सव्वादोन फुटी, त्याला कोण काय करणार!

एकोणतीस वर्षं मी बॉयलरवर काढली. त्यामुळे वेल्समध्ये टाउइनला नेऊन मुलगा म्हणाला, "बाबा, ही गाडी हौशी लोक चालवतात", तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. गेल्या वर्षी अशाच एका गाडीवर (नाव घेत नाही) उभ्या इंजिनाची सेफ्टी (जादा वाफ बाहेर सोडणारी झडप) दहा मिनिटं उडत होती आणि फायरमन लोकांबरोबर फोटो काढून घेत होता. कोळसा काय फुकट येतो?

म्हणून इथे तासभर आधी जाऊन उभा राहिलो. आमच्या गाडीला डॉलगोख नावाचं इंजिन होतं, १८६६ चं. फायरमन म्हणजे विशीतली पोरगी, कोपरापर्यंत काळी. तिने गेज ग्लासचा, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीचा, खालचा कॉक उघडला, पाणी सर्रकन उतरलं. बंद केला, पाणी झटकन वर. म्हणजे नळी तुंबलेली नाही. एवढं बघितलं आणि मी हिला म्हटलं, "चल, बसू या."

मधे डॉलगोख नावाचंच स्टेशन लागतं. तिथे पाणी भरायला थांबलो तेव्हा पुढे जाऊन तिचं काम बघितलं. फावडं आपल्या केराच्या सुपलीपेक्षा जरा मोठं. दार उघडायचं, मागच्या कोपऱ्यांत एकेक फावडं, एक पुढे, दार बंद. मग नजर धुरांड्यावर. धूर काळा निघाला की दार किंचित किलकिलं. वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेच्या जरा खाली, सेफ्टी गप्प. ढीगभर कोळसा टाकून मोकळं होणारे पगारी लोक मी जन्मभर बघितलेत.

डब्यांना दारं एकाच बाजूला का, हे गार्डबाईंनी सांगितलं. १८६६ मध्ये सरकारी इन्स्पेक्टर कॅप्टन टायलर आले आणि त्यांनी मोजलं, तर डबा आणि पुलाची भिंत यांत अडीच फूट हवेत तिथे दोन फूटही नव्हते. पूल कोण पाडणार? एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलांखाली रूळ त्या बाजूला सरकवले. याला म्हणतात मेन्टेनन्स डिपार्टमेंटचं डोकं!

ही लाइन मुळात स्लेटच्या दगडासाठी. खाण १९४६ मध्ये बंद पडली, तरी मालक सर हेडन जोन्स यांनी हयात असेपर्यंत गाडी चालू ठेवली. १९५० मध्ये ते गेले. मग लेखक टॉम रोल्ट आणि मंडळींनी बर्मिंगहॅमला सभा घेतली आणि १९५१ पासून स्वयंसेवकांनी गाडी हातात घेतली. अशी जगातली ही पहिलीच. तेव्हा रूळ गवताने धरून ठेवलेत अशी अवस्था होती, आणि तो हंगाम जवळजवळ या डॉलगोखने एकट्याने ओढला.

वर शेवटच्या स्टेशनला, नँट ग्वेर्नॉलला, मोटाररस्ता पोचत नाही, फक्त पायवाट आहे. इंजिन मोकळं होऊन दुसऱ्या टोकाला लागतं आणि परतीला उलटं चालतं. तेवढ्या वेळात ड्रायव्हरला विचारलं, "पगार किती?" तो हसला. म्हणाला, "उलट आम्हीच दरवर्षी वर्गणी भरतो." सकाळी आग पेटवायला किती वाजता येता, विचारलं. गाडी साडेदहाची असेल तर सहाच्या आसपास. आणि गाडी परत आल्यावर राख कोण काढतं? त्याने त्या पोरीकडे बोट दाखवलं. तिने मान हलवली आणि चिंधीने पितळ पुसत राहिली.

सूचना दोन. पांढरे कपडे घालू नका. आणि खिडकीतून डोकं बाहेर काढू नका. मी काढलं, डोळ्यात कोळशाचा कण गेला. बॉयलरवर एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाने! हिने अजून ते सोडलेलं नाही.