इंग्लंडमधलं पत्रकारितेचं एम.ए.: शॉर्टहँडला पाच तारे, प्लेसमेंटला एक

सोलापुरात चार वर्षं जिल्हा पानाच्या डेस्कवर होते. रात्री साडेअकराला पान सोडायचं आणि स्कूटी काढून घरी. मग कर्ज काढून सप्टेंबर २०२४मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात वर्षभराच्या एम.ए.ला गेले. नाव लिहीत नाही. तक्रार मोठी आहे, पण तिथल्या दोन शिक्षकांचे उपकारही आहेत.

माझ्या हातात दोन ऑफर होत्या. एक स्वस्त, नाव भारदस्त, ‘इंटरनॅशनल जर्नालिझम’. दुसरा कोर्स एनसीटीजेची मान्यता असलेला. ही पत्रकार घडवणारी तिथली १९५१पासूनची संस्था. स्वस्त कोर्समध्ये ना कायदा होता, ना शॉर्टहँड. मी महागडा घेतला आणि तेवढं बरोबर केलं.

शॉर्टहँड म्हणजे टीलाइन. पिटमन ही जुनी शॉर्टहँड पद्धत शिकवणाऱ्या जेम्स हिल यांनी १९६८मध्ये बसवलेली पद्धत. इंग्रजी अक्षरांची हाडं तेवढी ठेवायची, मधले स्वर बहुतेक गाळायचे, हात शक्यतो उचलायचा नाही. मोडी पाहिलेल्या माणसाला ओळखीचं वाटावं असं काहीतरी. लक्ष्य मिनिटाला १०० शब्द. डिसेंबरपर्यंत मी ६०वर अडकले होते. त्यात स्वर नसल्यामुळे एकदा ‘बिन’चं, म्हणजे कचऱ्याच्या डब्याचं, ‘बॅन’ वाचलं आणि नगरपालिकेनं कचरा उचलण्यावर बंदी घातल्याची बातमी लिहून दिली. बाई हसल्या नाहीत. ‘आता माफीची चौकट लिही,’ एवढंच म्हणाल्या. लिहिली. मे महिन्यात १०० निघाले.

सोलापूरला आत्याला फोन केला. ती जिल्हा परिषदेतून स्टेनो म्हणून निवृत्त झालेली. म्हणाली, ‘अगं, स्टेनोच व्हायचं होतं तर इथं नव्या पेठेत शिकली असतीस की!’

पण त्याचा उपयोग मॅजिस्ट्रेट कोर्टात कळला. तिथं फोन काढून रेकॉर्ड करायची सोय नाही. १९८१च्या कायद्यानं परवानगीशिवाय रेकॉर्डिंग म्हणजे न्यायालयाचा अवमान. म्हणजे वही आणि पेन. दर बुधवारी आम्ही पत्रकारांच्या बाकावर. समोर बहुधा तीन मॅजिस्ट्रेट, बिनपगारी, वकील नसलेली साधी माणसं. पहिल्या दिवशी दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण आलं. मी सगळं टिपलं, फक्त आरोपीचं वय आणि रस्त्याचं नाव सोडून. आपल्याकडे ‘एका युवकास’ लिहून भागतं. तिथं वय आणि पत्ता नसेल तर कॉपी परत, कारण त्याच नावाचा शेजारी उद्या दावा लावील. हे चार वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं.

माहिती अधिकारही करून पाहिला. त्यांचा कायदा २०००चा, अर्ज साध्या ईमेलनं, फुकट, मुदत कामाचे २० दिवस. खड्ड्यांमुळे गाड्या खराब झालेल्यांना किती भरपाई दिली, असं एका नगरपालिकेला विचारलं. एकोणिसाव्या दिवशी नीट तक्ता आला. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून तीस दिवस वाट पाहण्याची सवय असलेली मी तो तक्ता दोनदा उघडून पाहिला.

आता तक्रार. माहितीपत्रकात ‘प्लेसमेंट’ ठळक अक्षरात होतं, म्हणजे नोकरी नव्हे, बातमीदारीचा प्रत्यक्ष अनुभव. प्रत्यक्षात दोन आठवडे, तेही स्वतः शोधायचे, बिनपगारी. मला एका स्थानिक न्यूज साइटनं बातमीमागे पैसे देऊ केले, तर ते घेता येईनात. स्टुडंट व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तास नोकरी चालते, पण स्वतंत्र व्यवसाय नाही, आणि फ्रीलान्स त्यातच येतं. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला बातमी विकता येत नाही! हे प्रवेशाच्या वेळी एकानंही सांगितलं नाही. करिअर विभागानं तर मला ‘फ्रीलान्सिंग कसं सुरू करावं’ या कार्यशाळेचं निमंत्रण पाठवलं. मी शनिवार-रविवार एका केअर होममध्ये काम केलं.

नंतर ग्रॅज्युएट व्हिसावर फ्रीलान्स करता येतं. सध्या दोन वर्षं. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच. त्यापुढे राहायचं तर स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी पाठीशी उभा राहणारा मालक हवा आणि पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड, नवख्यांना ३३,४००. स्थानिक पेपरातल्या नवख्या बातमीदाराचा पगार ऐकलात तर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

फीशिवाय आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावे लागले, तेही धरून ठेवा. वर्ग चांगला, शिक्षक चांगले, हॉस्टेलचा हीटर रात्री अकराला बंद. ऑफर आली तर करिअर विभागाला आधी एक ईमेल टाका: गेल्या वर्षीच्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जण आज बातमीदार आहेत? मला तीनदा विचारूनही उत्तर मिळालं नाही, आणि त्यांना माहिती अधिकार लागू होतो हे मला कोर्स संपता संपता कळलं.