बाथरूम नवं करायचंय? आमचं आणि आक्काचं, दोन्ही बघून ठरवा

सोलापुरात बाथरूमचा विचार शोरूममधून सुरू करू नये, गच्चीवरच्या टाकीपासून करावा. नळाला पाणी तीन-चार दिवसांआड, कधी पाच. मधल्या दिवसांत साठवलेलं, नाहीतर बोअरचं. आणि बोअरचं पाणी असं की महिन्याभरात बादलीला पांढरं कडं धरतं. शोरूममध्ये लखलखणारी वस्तू या पाण्याला किती टिकेल, हे तिथला सेल्समन सांगत नाही.

माझ्यासमोर दोन नमुने आहेत. एक आमचं, जुन्या घरातलं, पहिल्या मजल्यावरचं, ५ बाय ७ फुटांचं. त्यात बाहेर दिसणारा फ्लश टँक, भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा नळ), खाली फूट बाय फूट रफ फरशी. दुसरं आक्काचं, विजापूर रोडला, तेही वरच्या मजल्यावर, ६ बाय ८ चं. भिंतीला टांगलेला कमोड, त्याची टाकी भिंतीच्या आत, मोठ्या टाइल, डोक्यावर ताटाएवढा शॉवर, काचेचं पार्टिशन. आमचं काम चालू होतं तेव्हा पंधरा दिवस आम्ही तिच्याकडेच अंघोळीला जात होतो, त्यामुळे दोन्हींचं बरं-वाईट अनुभवलेलं आहे.

फोडायचं की डागडुजी?

आधी तीन गोष्टी बघा. पहाटे नळ सोडल्यावर पहिला मग तांबूस येतो का? येत असेल तर भिंतीतले जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजलेत. टाइलवर नाण्यानं ठोकून बघा, जागोजागी पोकळ आवाज येतो का? आणि खालच्या खोलीच्या छताला ओल आहे का? यातल्या दोन गोष्टींना ‘हो’ आलं की डागडुजीचा विचार सोडा, सगळं फोडा. तिन्हींना ‘नाही’ असेल तर मात्र गवंडी म्हणतो म्हणून फोडू नका. कमोड, नळ बदला, सांधे खरवडून नवीन ग्राउट भरा, चार दिवसांत मोकळे व्हाल.

मधला मार्ग म्हणून जुन्या टाइलवरच नवी टाइल लावून देतात. भिंतीला ठीक आहे. खाली मात्र चिकटवण्यासकट दीड-दोन सेंटीमीटर उंची वाढते. तेवढ्यानं उंबऱ्याचा अडसर संपतो, दार खालून कापावं लागतं आणि पाणी खोलीत यायला लागतं. जमिनीला मी हा मार्ग सुचवणार नाही.

फ्लश टँक: बाहेर की भिंतीत?

इथे आक्काचं बाथरूम दिसायला उजवं आहे, यात वाद नाही. टांगलेल्या कमोडखालून झाडू, फडकं सरळ फिरतं. आमच्याकडे कमोडच्या बुडाशी कायम पिवळसर रेघ असते, ती घासायला गुडघ्यावर बसावं लागतं.

पण क्षारांचं पाणी टाकीतल्या वॉशरवर थर धरतं, आणि मग पाणी बारीक धारेनं कमोडमध्ये उतरत राहतं. रात्रभरात किती गेलं, कळतही नाही. आमच्याकडे असं झालं की झाकण उचलायचं, वॉशर काढून घासायचा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणायचा. आक्काकडेही भिंत फोडावी लागत नाही, बटणाची प्लेट काढून आतले भाग निघतात. पण ते भाग त्याच कंपनीचे लागतात, आणि दाजींना त्यासाठी आठवडाभर थांबावं लागलं होतं. शिवाय टाकी कोरडी पडते त्या दिवशी आम्ही वरचं झाकण काढून बादली ओततो. तिच्याकडे बादली थेट कमोडमध्येच रिकामी करावी लागते.

टाकी बाहेर असो की आत, दोन बटणांची घ्या. हिशेब करून बघा. घरात चार माणसं, दिवसाला वीस वेळा फ्लश. जुन्या १० लिटरच्या टाकीला रोज २०० लिटर. ३ आणि ६ लिटरच्या टाकीला, पंधरा वेळा छोटं बटण आणि पाच वेळा मोठं धरलं, तर ७५. रोज १२५ लिटर वाचले, म्हणजे चार दिवसांत ५००. हजार लिटरची टाकी असेल तर ती अर्धी फक्त बटणावर वाचली!

नळ आणि शॉवर

आक्काचा तो मोठा शॉवर पहिल्या दिवशी नुसता ठिबकला. कारण साधं आहे. १० मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम ५ फूट, म्हणजे दीड मीटर. दाब झाला ०.१५ बार. एवढ्यावर ताटाएवढा शॉवर चालत नाही. मग प्रेशर पंप बसवला. आता धार जोरात आहे, पण मिनिटाला आठ-दहा लिटर जातात आणि दहा मिनिटांत जवळजवळ शंभर. बादलीची अंघोळ वीस लिटरमध्ये होते. आता तो शॉवर पाहुण्यांना दाखवण्यापुरता उरलाय, आणि आक्काही बादलीच घेते. खालच्या मजल्याच्या बाथरूमला दाब बरा मिळतो, तिथे साधा हँड शॉवर लावा, पैसे वसूल होतात.

बादलीचाच कारभार असणार असेल तर एक गोष्ट विसरू नका: नळाखाली मोठी बादली सरळ बसली पाहिजे. हसू नका. आमच्या प्लंबरनं नळ इतका खाली काढला होता की बादली तिरकी करावी लागत होती. टाइल लागायच्या आधी बादली ठेवून बघितली म्हणून लक्षात आलं.

भिंतीतला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाला की शॉवरला ते वळवणारी कळ, सुंदर दिसतो, पण त्याचं आतलं कार्ट्रिज (पाणी उघडझाप करणारा भाग) क्षारांनी जड होतं. बाहेरचा वॉल मिक्सर कुठलाही प्लंबर अर्ध्या तासात बदलतो. म्हणून या गावात माझं मत बाहेरच्याला. पैसे भिंतीत गाडल्या जाणाऱ्या पाइपवर घाला. गरम लाइनला प्लास्टिकचा सीपीव्हीसी पाइपच हवा, साधा यूपीव्हीसी उष्णता सोसत नाही.

टाइल

इथे आक्का जिंकली. तिच्या दोन बाय चार फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइलला सांधे मोजकेच, त्यामुळे घासायचं कामही मोजकं. आमच्या भिंतीवर सांध्यांचं जाळं आहे, आणि खालचे दोन थर दर महिन्याला काळे पडतात. पुन्हा करायची वेळ आली तर भिंतीला मोठ्या टाइल आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट घेईन. मात्र व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून ती नुसत्या सिमेंटच्या रबडीवर नीट धरत नाही. टाइल ॲढेसिव्ह लागतं. गवंडी ‘सिमेंटवर पण बसते की’ म्हणाला तरी ऐकू नका.

जमिनीला मात्र आमचीच बरी. लहान फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निघून जायच्या जाळीकडे, उतार नीट देता येतो, मोठी टाइल तिथे कापावी लागते. उतार मीटरला एक ते दीड सेंटीमीटर पुरतो. काचेच्या पार्टिशनबद्दल काय सांगू? बोअरच्या पाण्यानं तीन महिन्यांत ती काच धुरकट झाली.

शहाबादी अजून कुणी बसवतं का, असं विचाराल. शहाबाद आपल्या शेजारीच, गुलबर्ग्याकडे. मागच्या मोरीला आजही तीच बसवावी, पाय घसरत नाही. पण तो चुनखडीचा दगड आहे. ॲसिड टाकलं की फसफसतो आणि झिजतो. तसं ॲसिड सिमेंटच्या ग्राउटलाही खातं. नळाच्या जाळीवरचे क्षार काढायला लिंबाचं पाणी पुरतं.

माप काढायला सोपं आहे. ५ बाय ७ ला चारी भिंती मिळून २४ फूट. ७ फूट उंचीपर्यंत टाइल घेतली तर १६८ चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता दीडशे, अधिक जमीन ३५. वर दहा टक्के तूट धरा आणि एक बॉक्स जास्त घ्या. त्या बॉक्सचं कारण पुढे येतंच.

गरम पाणी

इथे फार डोकं लावू नका. ऊन आपल्याकडे ढीगभर, स्वतःची गच्ची असेल तर सोलर घ्या. पाणी जड असेल तर विकत घेतानाच हीट एक्स्चेंजरवाला मागा, त्यात क्षारांचं पाणी पॅनेलच्या नळ्यांत जात नाही. फ्लॅटमध्ये १५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर पुरे. २५ अंशांचं पाणी ५० वर जायला त्याला तेरा-चौदा मिनिटं लागतात. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीही नको, त्यातला विषारी वायू नाकाला कळत नाही. आणि मे महिन्यात दुपारी टाकीचंच पाणी चटका देतं, तेव्हा गीझर नको, रात्री भरून ठेवलेली बादली हवी.

पाणी कोंडून बघणं

आता आमची चूक. फरशी घालण्याआधी वॉटरप्रूफिंगवर पाणी कोंडून ठेवायचं असतं. ट्रॅपमध्ये बोळा घालून दोन इंच पाणी, किमान २४ तास, जमल्यास ४८. आमच्या ५ बाय ७ ला तेवढ्याला साधारण १६५ लिटर लागतात. ठेकेदार म्हणाला, “साहेब, पाण्याची बोंब आहे, कशाला घालवता?” पाणी यायला दोन दिवस होते, संक्रांत जवळ आली होती, गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे यायचे होते. आम्ही मान डोलावली. पुढच्या पावसाळ्याआधीच खालच्या देवघराच्या छताला ओल. ट्रॅपचा सांधा झिरपत होता. भोवतीच्या बारा फरशा फोडल्या, आणि त्याच रंगाच्या मिळाल्या नाहीत. आई त्याला ठिगळ म्हणते.

तेव्हा ही चाचणी पाणी येणाऱ्या दिवशीच लावा. भिंतीवर पेन्सिलनं पातळीची खूण करा, पण आपल्या उन्हाळ्यात थोडं पाणी नुसतं उडूनही जातं, म्हणून खालच्या छतावर हात फिरवूनच निकाल द्या. झाल्यावर ते पाणी ओतू नका, नव्या प्लास्टरवर मारायला वापरा. ठेकेदाराचा मोठा हप्ता या चाचणीनंतरच द्या. पाइप, ट्रॅप आणि वॉटरप्रूफिंगचा माल आपण आणायचा आणि मजुरी त्याची, असा करार मला बरा वाटतो. नोकरीमुळे दुकानं फिरायला वेळ नसेल तर मालासकट द्या, पण प्रत्येक वस्तूचं नाव आणि प्रत कागदावर घ्या.

मग कुणी काय करावं?

घरात म्हातारं माणूस असेल, पाणी बोअरचं असेल, बाथरूम एकच असेल, तर आमच्यासारखं. कमोडशेजारी धरायला दांडी, आणि दार बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आक्काच्या घरी आणखी एक बाथरूम आहे, पंप आहे, रोज काच पुसायला बाई आहे. तिला तिचं शोभतं. दोन्हींतलं घ्यायचं म्हटलं तर भिंती तिच्या, जमीन आणि नळ आमचे.

टाइल लागण्याआधी एक काम पाच मिनिटांचं आहे. भिंतीतल्या पाइपला मोजायची टेप लावून प्रत्येक बाजूचा फोटो काढा. मागच्या वर्षी आम्ही टॉवेलची दांडी बसवायला घेतली. टॉवेलच्या गावात तीच राहून गेली होती! ड्रिलवाल्यानं जिथे खूण केली, त्याच्या बरोब्बर मागून गीझरची गरम लाइन जात होती. फोटो दाखवला, तसा त्यानं मुकाट्यानं ड्रिल चार इंच डावीकडे सरकवलं.