मुलांनी गावाचं पाणी तपासायचं, तर काळी बाटली की गुलाबी गोळी?

जूनमध्ये शाळा उघडली की एखाद्या तरी शिक्षक मित्राचा फोन ठरलेला: "मुलांकडून गावाचं पाणी तपासून घ्यायचंय, काय मागवू?" मनात टीडीएस मीटर असेल तर तो आधी बाजूला ठेवा. पाण्यात क्षार किती, एवढंच तो सांगतो. जंतूंबद्दल अवाक्षर काढत नाही. मग खरी निवड उरते ती एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणारी) बाटली आणि क्लोरीनची चाचणी यांत. सातवीच्या मुलांकडून मी दोन्ही वर्ष-वर्षभर करून घेतल्या आहेत, त्यावरून सांगतो. तुमच्या गावचा अनुभव वेगळा असू शकतो.

मीही सुरुवात बाटलीपासूनच केली. चाचणी आपल्याच देशातली. मांजा, मौर्य आणि राव यांनी ती १९८२ साली मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेत ठेवायचं. विष्ठेतून आलेले जंतू पाण्यात असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तो बाटलीतल्या लोहाला धरतो आणि पाणी काळं पडतं. तक्ता लागत नाही, छटा जुळवाव्या लागत नाहीत. आमची पहिली बाटली काळी झाली तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. ते पाणी एका मुलीच्या घरच्या हंड्यातलं होतं. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, आईने ओगराळं आणलं, आता हंड्यात कुणी हात बुडवत नाही. इतकी वर्षं परिपाठात हात धुण्याबद्दल बोलून जे झालं नव्हतं, ते त्या एका बाटलीने केलं. हे श्रेय तिचंच.

तरी मला ती जड गेली. निकालाला २४ ते ४८ तास लागतात आणि तेही ३० ते ३७ अंशांच्या आसपास ऊब असेल तर. आमचं गाव डोंगराकडचं. डिसेंबरात आम्ही बाटल्या डब्यात घालून डबा गोधडीत गुंडाळायचो. त्याचीही तक्रार नाही, मुलांनी ते आवडीने केलं. पण एकदा शुक्रवारी सकाळी मुलांनी तीन नळांचं पाणी भरलं. शनिवारी एक बाटली काळसर वाटली. रविवारची सुट्टी. सोमवारी पाहतो तर दोन काळ्याकुट्ट. मुलं उत्साहाने पाणी सोडणाऱ्या काकांकडे धावली. काका शांतपणे म्हणाले, "पोरांनो, पावडर कालच टाकलीय की. आता पाणी चांगलं आहे." खोटं काहीच नव्हतं. आमच्या हातातलं पाणी तीन दिवसांपूर्वीचं होतं आणि गावाने ते केव्हाच पिऊन टाकलं होतं. मुलांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. हे त्या वर्षी चार वेळा झालं. चौथ्या वेळी एका मुलाने विचारलं, "सर, मग आपण तपासतो कशाला?" पुढच्या वर्षी मी क्लोरीनकडे वळलो, ते त्या प्रश्नामुळे.

क्लोरीनची चाचणी जंतू शोधत नाही. टाकीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीतलं जंतू मारणारं औषध, म्हणजे क्लोरीन, नळापर्यंत पोचलं का, एवढंच ती पाहते. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकून पिवळा रंग पाहतात ती चाचणी तुम्हाला ठाऊक असेलच. मुलांच्या हाती मात्र ओटी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑर्थोटोलिडिन घातक रसायन आहे आणि ते आम्लात मिसळलेलं असतं. त्याऐवजी डीपीडीची गोळी घ्या. नळीत पाणी, त्यात हात न लावता गोळी, क्लोरीन असेल तर ढवळलं की गुलाबी. रंग लगेच तक्त्याशी जुळवायचा. ठेवून दिला तर बदलतो. छटांवरून मुलांत वाद होतात, हे खरं. आम्ही तोड काढली: दोघांनी वेगवेगळं वाचायचं, जुळलं नाही तर पुन्हा नळ गाठायचा.

पाणी सकाळी साडेसहाला येतं. तीन मुलं तीन नळांवर: टाकीजवळचा, चावडीपुढचा आणि खालच्या आळीतला शेवटचा. परिपाठात दिनविशेषानंतर तीन आकडे वाचले जातात आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले जातात. एका श्रावणात टाकीजवळ गडद गुलाबी, चावडीपुढे फिकट आणि शेवटच्या नळाला रंगच नाही, असं सलग तीन दिवस आलं. मुलांनी वही उघडून काकांना दाखवली. या वेळी "कालच टाकलीय" हे उत्तर चालण्यासारखं नव्हतं, कारण टाकीत पावडर होती हे वहीच सांगत होती. काका स्वतः खालच्या आळीत आले. गटारातून गेलेल्या पाइपचा सांधा ठिबकत होता. पाणी बंद झालं की तिथूनच घाण आत ओढली जात असणार. सांधा त्याच दिवशी बदलला, दुसऱ्या सकाळी तिथेही गुलाबी आलं. ती वही पुढे ग्रामसभेत फिरली.

आता बाटलीच्या बाजूने. गाव विहिरीवर किंवा हातपंपावर असेल आणि पावडर पडतच नसेल, तर क्लोरीन रोज शून्यच येणार. मुलं आठवड्यात कंटाळतील. तिथे बाटलीच घ्या. फक्त काही भूजलात गंधक वापरणारे निरुपद्रवी जंतूही बाटली काळी करतात, तेव्हा लगेच बोंबाबोंब न करता प्रयोगशाळेत नमुना पाठवा. काळी बाटली मुलांना उघडू देऊ नका. ब्लीचिंग पावडर घालून ती तुम्हीच निकामी करा. हंड्यातल्या हाताची गोष्टही क्लोरीन सांगत नाही, म्हणून मी वर्षातून दोनदा, पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीनंतर, दहा-बारा बाटल्या मागवतोच. चंद्रपूर-यवतमाळकडच्या मित्रांनी मात्र दोन्हींवर विसंबू नये. तिथे फ्लोराइडचा प्रश्न आहे, तो यातली एकही चाचणी पकडत नाही.

नळयोजनेचं गाव असेल आणि पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर मी गोळ्या घेईन. शंभर गोळ्या, तीन नळ्या, एक शंभर पानी वही. सुरुवात श्रावणाआधी करा, म्हणजे पाइप गळायला लागण्याआधीचे आकडे वहीत असतील.