माळावर घर बांधताय? काळा दगड की मातीची वीट

जुनी माणसं जमिनीचे दोनच प्रकार मानायची. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. बालाघाटच्या डोंगररांगेच्या उतारावर माळात मिसळून जाईल असं घर हवंय म्हणणाऱ्याला मी म्हणूनच आधी विचारतो, प्लॉट कशात आहे? आमची शेतातली खोली काळीतच, वरवरच्या पायावर उभी केली होती. मे महिन्यात भिंतीच्या भेगेत कुलपाची चावी उभी राहायची आणि आषाढात दार चौकटीत अडकायचं. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. तिथं पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि दगड की वीट हा वाद त्यानंतरचा.

जागा मुरमाड असेल तर मात्र निवड करायला वाव आहे.

दिसण्यात काळ्या दगडाला तोड नाही. रानातल्या धोंड्यांची भिंत लांबून बांधासारखीच दिसते. पण ३० सप्टेंबर १९९३ ची, गणपती विसर्जनानंतरची भूकंपाची पहाट लातूर-धाराशिवकडं कुणी विसरलेलं नाही. दगडी घर म्हटलं की घरातली वडीलधारी आजही मान हलवतात. किल्लारीच्या भूकंपात दोष एकट्या दगडाचा नव्हता. दोन-अडीच फुटी भिंत म्हणजे बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये चिखल आणि चिपा. दोन्ही थर धरून ठेवणारे दगड नव्हते, वर माळवदाच्या, म्हणजे लाकडावर मातीचा थर दिलेल्या छताच्या, मातीचं ओझं. हादऱ्यानं भिंती पोटातून फुटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आज दगडात बांधायचं तर भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांच्या आत, भिंतीच्या आरपार जाणारा दगड हवा. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा हवा. एवढं नीट करणारा गवंडी गाठीला आहे का, ते आधी बघा. नसेल तर दगडाचा नाद सोडा.

दाबून पाडलेली मातीची वीट भट्टीत जात नाही. मुरमाड मातीत पाच ते दहा टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबायची आणि तीन-चार आठवडे ओली ठेवायची. जागेवरच्या मातीची पाडली तर रंग त्याच माळाचा येतो, गिलावा-रंगाची गरज उरत नाही. नऊ इंची भिंत पुरते. भूकंपासाठीचे पट्टे इथंही लागतातच. हिचं खरं वैर पाण्याशी. आपल्याकडं पाऊस कमी, पण येतो तेव्हा झोडपतो. छज्जा तोकडा ठेवला तर खालचे थर झिजायला लागतात.

गारव्याचं म्हणाल तर जाड दगड दुपार सांभाळतो, पण रात्री दहाला हात लावून बघा, भिंत तापलेलीच असते. घर कशाचंही असो, पश्चिमेची भिंत बिनखिडक्यांची ठेवा आणि त्या अंगाला कडुलिंब लावा.

माळवद? आमच्या जुन्या घरात सान्यातून, म्हणजे छतातल्या भोकातून, उजेडाचा गोल पडायचा, आजी त्यावरून चूल पेटवायची वेळ ठरवायची. पण दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायला आता कोण येणार? शिवाय ते ओझं. सानं हवंच असेल तर स्लॅबला काचेचा झरोका ठेवा.

उतारात अर्धं गाडलेलं घर वेरूळ बघून आलेल्यांना हमखास सुचतं. वेरूळ अख्ख्या कातळात कोरलंय. तुमच्या मुरमात मागच्या भिंतीला ओल धरणार, आणि ती काढायला चर खणून जलरोधक थर देण्यातच बजेट जाईल.

मला विचाराल तर खिडकीच्या तळापर्यंत दगड, वर मातीची वीट, हलकं छप्पर, दोन फुटी छज्जा. एकच मजला, लिंबाच्या शेंड्याखाली राहील असा. आणि जेसीबी लावून माळ सपाट करू नका. उतार आहे तसा ठेवून खोल्या पायरी-पायरीनं खाली न्या.

पैसे देण्याआधी प्लॉटवरची हातभर खालची माती काचेच्या बरणीत अर्धी भरा, पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी वाळूचा थर बसलेल्या मातीच्या अर्ध्याहून जास्त असला तर तिथंच वीट पाडता येईल. चिकण जास्त दिसली तर वाळू विकत आणावी लागेल, मग दगडाचाही भाव काढून बघा.